आधी रिव्हर्स

मास्तरांचा उजवा पाय मास्तरांच्या ताब्यात नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे लंगडा वगैरे नव्हता हो, चांगला धडधाकट पाय होता. पण उभी हयात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, मास्तरांसाठी खाली जो दुसरा ब्रेक असतो त्यावर पाय ठेवून गेल्यामुळे त्या पायाला स्वतःची अक्कल फुटली होती. कुठंही काही अंगावर येतंय असं वाटलं, की तो आपला खाली दाबायचा. बसमध्ये दाबायचा. नाटकात खलनायक तरातरा पुढं आला की दाबायचा. घरात बायको गरम दुधाचं पातेलं घेऊन भरभर निघाली तरी दाबायचा. सोफ्यासमोरच्या सतरंजीला नेमकं त्या जागी भोक पडलं होतं. नवीन सतरंजी आणू या म्हटलं की बायको म्हणायची, "सतरंजी कशाला? पाय नवीन आणा."

गाडीत मात्र याच पायावर सगळा कारभार चाले. नवा शिकाऊ पहिल्या दिवशी स्टिअरिंग गच्च धरून, मान खाली घालून, क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते बघत बसला की मास्तर ठरलेलं वाक्य म्हणत, "तुम्ही पुढे बघा. खालचं मी बघतो." एवढंच. शिकवणी घराच्या दारातूनच निघायची, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी घासता घासता बायकोने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिला ते झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. नवीन लग्न झालं तेव्हा तिनेही एकदा विचारलं होतं, "मलाही शिकवा की." मास्तर म्हणाले, "तुला कशाला? मी आहे ना!" मास्तरांना वाटलं आपण फार प्रेमाने बोललो. तिने पुन्हा विषय काढला नाही.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना समोरच्या कोपऱ्यावर नवीन ड्रायव्हिंग स्कूल निघालं. गार हवेच्या गाड्या, मोबाइलवर वेळ ठरवायची सोय, आणि काचेआड एक लुटुपुटूची गाडी, जिच्यात बसून पडद्यावरची माणसं खुशाल उडवा, कुणी काही म्हणत नाही. मास्तरांची गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडून तिकडे गेली. रस्ता कसा ओलांडायचा हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं, हा त्यातला आणखी एक घाव.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा मेव्हणा. मेव्हण्याचं फरशांचं मोठं दुकान होतं आणि मन त्याहून मोठं होतं, हीच अडचण होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं, प्रेमळ माणसाचं काय करणार? तो दर आठवड्याला यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, तुमची खुर्ची आणून ठेवलीय गल्ल्याशेजारी. मखमली उशीची. वर्ष संपेपर्यंत बघा, नाही जमलं तर गाडी काढून टाका आणि येऊन बसा." या मेव्हण्याला गाडी मास्तरांनीच शिकवली होती. शिकवली म्हणजे प्रयत्न केला होता. तो अजून दुकानात चालत जातो. अशा माणसाच्या हाताखाली मखमली उशीवर बसून गिऱ्हाइकांना न्हाणीघराच्या फरशा दाखवायच्या, या कल्पनेनेच मास्तरांचा पाय सतरंजीच्या भोकात जायचा.

वरच्या मजल्यावरच्या विमावाल्याने हे सगळं जिन्यात ऐकलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं शिकवणं उत्तम आहे, पण मार्केटिंग शून्य. बुधवारी सकाळी चला माझ्याबरोबर. आमचा उद्योजकांचा मेळावा असतो. दर वेळी बाहेरचा मोठा वक्ता येतो. माणूस आत येतो एक आणि बाहेर पडतो भलताच."

विमावाल्याला एवढा कळवळा का आला, ते मास्तरांना तिथे गेल्यावर कळलं. त्या मेळाव्याचा नियम असा होता, की प्रत्येकाने अधूनमधून नवा पाहुणा आणायचा. न आणला तर सगळ्यांसमोर उभं राहून गाणं म्हणायचं. विमावाल्याने ओळखीच्या सगळ्यांना आधीच विमे विकलेले असल्यामुळे त्याच्याबरोबर कुणी येत नसे, आणि त्याचं गाणं मेळाव्याने इतक्यांदा ऐकलं होतं, की मास्तर दारातून आत आले तेव्हा लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. मास्तरांना वाटलं, काय ही अगत्यशील माणसं!

एका हॉटेलच्या तळघरातला हॉल होता. छातीला नावाची पट्टी टोचायची, कागदी पेल्यातला चहा हातात धरायचा, उभं राहून एका मिनिटात आपण काय करतो ते सांगायचं. मग वक्ता. पहिला वक्ता गालाला माइक चिकटवलेला, अंगाने काटक, डोळे असे की समोरच्याला वाटावं आपल्याच खिशात बघतोय. तो फिरत फिरत मास्तरांपाशी येऊन थांबला.

"तुम्ही काय विकता?"

"विकत नाही. गाडी शिकवतो."

"चूक!" वक्ता इतक्या जोरात ओरडला की मास्तरांचा पाय दाबला गेला आणि शेजारच्या दंतवैद्याच्या बुटावर पडला. "तुम्ही गाडी शिकवत नाही. तुम्ही स्वातंत्र्य देता! काम विकू नका, स्वप्न विका!"

हॉलभर टाळ्या. मास्तरांना भरून आलं. इतकी वर्षं आपण लोकांना स्वातंत्र्य देत होतो आणि आपल्याला पत्ताच नाही! घरी न जाता ते थेट रंगाऱ्याकडे गेले. गाडीच्या टपावरची 'ड्रायव्हिंग स्कूल' ही पाटी पुसून तिथे लाल अक्षरांत एकच शब्द लिहून घेतला: 'स्वातंत्र्य!' उद्गारचिन्ह रंगाऱ्याने आपल्या पदरचं दिलं.

दुसऱ्या दिवशी चौकात हवालदाराने शिट्टी मारली. "मोर्चा कुठे निघालाय?"

"मोर्चा नाही साहेब, शिकवणी आहे."

"मग हे काय?" हवालदाराने काठीने टपाकडे दाखवलं. "परवानगी? आणि मागचे लोक कुठायत?"

मागचे लोक म्हणजे मागच्या सीटवर आपली पाळी यायची वाट बघत बसलेली एक बँकेतली कॅशियर बाई. तिने बिचारीने खिडकीतून हात हलवला. हवालदाराला ती घोषणा द्यायच्या बेतात आहे असं वाटलं. सकाळ चौकीत गेली. संध्याकाळी परवाना कार्यालयातून पत्र आलं, की शिकवणीच्या वाहनावर ते शिकवणीचं आहे हे स्पष्ट लिहिलेलं हवं, न लिहिल्यास कारवाई. पाटी पुन्हा रंगवली. रंगारी म्हणाला, "उद्गारचिन्ह राहू द्या, चांगलं दिसतंय." म्हणून गाडीवर 'ड्रायव्हिंग स्कूल!' असं राहिलं. वाचणारा आपोआप दोन पावलं मागे सरायचा.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मेळाव्याला जाणाऱ्या माणसाचं एक असतं, फटका बसला की त्याला वाटतं आपलंच ऐकण्यात काहीतरी राहून गेलं. बायको म्हणाली, "तुम्ही आहात तसे काय वाईट आहात?" मास्तर म्हणाले, "तुला मार्केटिंग कळत नाही." आणि पुढच्या बुधवारी पुन्हा तळघरात.

दुसरा वक्ता हळव्या आवाजाचा होता. म्हणाला, "लोक वस्तू विसरतात, गोष्ट विसरत नाहीत. आपली गोष्ट सांगा. जखम लपवू नका, उघडी करा." लोकांनी डोळे पुसले. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी शिकायला आलेल्या बेकरीवाल्याला, तो पहिल्यांदा तिसरा गिअर टाकत असताना, जखमा उघड्या करून दाखवल्या. नाल्यात कसे गेलो, दुधाच्या टेम्पोखाली कसे जाता जाता राहिलो, एकदा ब्रेकच लागला नाही तेव्हा डोळ्यांपुढे कोण कोण आलं. गोष्ट रंगात आली होती. सिग्नल लाल झाला तसा बेकरीवाल्याने गाडी छान थांबवली, पट्टा सोडला, दार उघडलं आणि चालायला लागला. मास्तरांनी हाक मारली तर पळायला लागला. त्यानंतर मास्तरांच्या घरी पाव दुसऱ्या बेकरीतून येऊ लागला, कारण तो यांना बघितलं की आत जाऊन बसायचा.

आणि मग तिसरा वक्ता म्हणून आली एक बाई. ही सर्जनशीलतेवर बोलायची. चष्मा कपाळावर, बांगड्या एकाच हातात. म्हणाली, "सगळे जातात त्या चाकोरीतून जाल तर सगळ्यांच्या मागेच राहाल. चाकोरी मोडा! तुमच्या धंद्यात सगळे जे आधी करतात, ते शेवटी करा. जे शेवटी करतात, ते आधी!"

मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही. आपल्या धंद्यात सगळे आधी काय करतात? गाडी पुढे घ्यायला शिकवतात. शेवटी काय शिकवतात? रिव्हर्स. पहाटे ते अंथरुणात ताडकन उठून बसले. "आधी रिव्हर्स!"

"कुणाला उलटी होतेय?" बायकोने दचकून विचारलं.

आता खरं सांगायचं तर कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. रिव्हर्स भल्याभल्यांना येत नाही. ते आधी आलं की बाकी सोपं, असा मास्तरांचा हिशेब. पदरात उरलेल्या मोजक्या शिकाऊंवर त्यांनी प्रयोग सुरू केला, आणि त्यात कॅशियर बाईने तर कमाल केली. नोटा मोजायची सवय असल्यामुळे की काय, तिचे हात इतके शांत चालत, की आठवड्याभरात ती खांद्यावरून मागे बघत अख्खी गल्ली उलटी पार करू लागली. वळणंसुद्धा. समोरून येणारे लोक तिला बघून उलटे वळायचे. समोरच्या स्कूलची पोरं फोटो काढायला बाहेर आली. मास्तर छाती काढून बसायचे. पुढे जाणं हा शेवटचा धडा होता आणि तो व्हायच्या आत परीक्षेची तारीख आली. "पुढे काय, कुणालाही जाता येतं," मास्तर म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परवाना कार्यालयाचं मैदान. एका टोकाला झाडाच्या सावलीत इन्स्पेक्टर साहेबांचं टेबल, टेबलावर फायली, चहाचा कप, पाण्याचा तांब्या. परीक्षेच्या वेळी मास्तराने गाडीत बसायचं नाही असा तिथला कायदा, त्यामुळे मास्तर बाहेर उभे. गाडी टेबलाकडे पाठ करून. साहेबांनी टेबलावरूनच आवाज दिला, "हं बाई, घ्या गाडी पुढे."

कॅशियर बाईने आरसा बघितला, पट्टा तपासला, खांद्यावरून मागे नजर टाकली, आणि सवयीने, शांतपणे, अगदी सरळ रेषेत गाडी साहेबांच्या टेबलाकडे घेतली. मास्तरांचा पाय दाबला गेला. खाली माती होती. मास्तरांनी पुन्हा दाबला. मातीला ब्रेक नसतो. साहेब फायली घेऊन झाडामागे गेले म्हणून वाचले. टेबलाचं मात्र काही खरं उरलं नाही. तांब्या घरंगळत घरंगळत मास्तरांच्या पायाशी आला.

रिव्हर्स मात्र बघण्यासारखं होतं, असं तिथला शिपाईसुद्धा म्हणाला.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. कपड्यांवरचा चहा झटकत ते म्हणाले, "मास्तर, मला वाटायचं तुमच्याकडचा माणूस आला की डोळे मिटून सही करावी. काय झालं हो तुम्हाला?" मग कागदावर लिहून दिलं, की पुढच्या महिन्याच्या तारखेला ह्याच बाई पुढे गेल्या पाहिजेत, नाहीतर स्कूलचा परवाना रद्द.

मास्तर घरी येऊन सोफ्यावर बसले. त्यांना फार लागलं होतं. टेबलाचं नाही, 'काय झालं हो तुम्हाला'चं. संध्याकाळी मेव्हणा आला, बातमी त्याच्याआधी आलीच होती. त्याने नुसता पाठीवर हात ठेवला. मास्तर म्हणाले, "ठेवा तुमची खुर्ची पुसून. येतो मी." आत भांडी घासायचा आवाज थांबला.

पण त्याआधी एक बुधवार उरला होता. मास्तर एव्हाना सभासद झाले होते. मेळाव्यात प्रत्येक सभासदाला कधीतरी दहा मिनिटं बोलायची पाळी येते, ती नेमकी मास्तरांची आली होती. पाहुणाही आणायचा होता. मास्तर ज्याला म्हणून विचारायला गेले त्याला काम निघालं. बेकरीवाल्याने शटर ओढलं. शेवटी बायको म्हणाली, "मी येते. तुम्हाला गाणं म्हणायला लागण्यापेक्षा ते बरं."

त्या दिवशीचा बाहेरचा वक्ता नामांकित होता. विषय होता 'भीतीवर स्वार व्हा'. तो पहिल्या रांगेत बसून आपली पाळी यायची वाट बघत होता. मास्तर लाकडी मंचावर चढले. त्यांनी तिन्ही वक्त्यांचं सार काढून भाषण पाठ केलं होतं. "मित्रांनो," ते म्हणाले, "मी गाडी शिकवत नाही. मी..." आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. समोर एवढी माणसं आपल्याकडे टक लावून बघताहेत, म्हणजे सगळ्या गाड्या एकदम अंगावर. पाय दाबला गेला. मंच पोकळ होता. धप्प! मास्तर दचकले, तसा पुन्हा, धप्प! कुणीतरी हसलं. मास्तरांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. मान वर होईना. विमावाला खुर्चीत चुळबुळ करू लागला, आता याच्याऐवजी आपल्यालाच गावं लागणार असं त्याला वाटलं असावं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. भांडी घासता घासता खिडकीतून भाजीवाल्याला थांबवण्याचा सराव असलेला खणखणीत आवाज.

"अहो! तुम्ही पुढे बघा! खालचं मी बघते!"

हॉल खदखदून हसला. पण मास्तरांची मान वर झाली. त्यांनी पुढे बघितलं. शेवटच्या रांगेत बायको पदर खोचून उभी होती, चिडलेली, आणि डोळ्यांत पाणी. मास्तरांनी तिला असं उभं कधी बघितलं नव्हतं.

"ही माझी बायको," मास्तर म्हणाले. पाठ केलेलं काहीच आठवत नव्हतं, म्हणून ते जे खरं होतं ते बोलायला लागले. "ती जे म्हणाली ते मी शिकाऊ लोकांना म्हणतो. माणूस पहिल्यांदा गाडीत बसला की घाबरतो आणि खाली बघतो. खाली बघणारा आपटतो. म्हणून मी म्हणतो, तुम्ही पुढे बघा, खालचं मी बघतो. माझ्या पायाखाली ब्रेक असतो. मला एवढंच येतं. स्वातंत्र्य वगैरे मला काही विकता येत नाही. मी फक्त शेजारी बसतो." आणि ते खाली उतरले. दहातली दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

टाळ्या पडल्या नाहीत. मग विमावाला उठला, घसा खाकरला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "मास्तर, समजा एखाद्याकडे परवाना आहे, पाकिटात आहे, बरीच वर्षं आहे, पण तो भीतीने गाडीला हातच लावत नाही. गाडी नुसती झाकून ठेवलीय. अशालाही तुम्ही शेजारी बसून तेच म्हणाल का?"

"म्हणेन की."

"मग माझं नाव घ्या."

लोक हसले, आणि हसता हसता दंतवैद्याचा हात वर गेला. मग हॉटेलच्या मॅनेजरचा, जो नुसता चहाचं बघायला आला होता. मग आणखी दोघीतिघींचा. आणि सगळ्यांत शेवटी पहिल्या रांगेतून, खांद्याच्या फारसा वर न जाता, 'भीतीवर स्वार व्हा'वाल्याचाही हात आला. "बाहेर सांगू नका," तो हळूच म्हणाला. मास्तरांनी सांगितलं नाही. विमावाल्याने सगळीकडे सांगितलं.

कॅशियर बाई पुढच्या महिन्याच्या तारखेला पुढे गेली. इतकी पुढे गेली, की साहेबांना शिपायाला मागे पळवावं लागलं. नवीन टेबल त्यांनी खबरदारी म्हणून व्हरांड्यात, पायऱ्यांच्या वर ठेवलं होतं. सही करताना म्हणाले, "आता वळायला शिकवा तेवढं." परवाना राहिला, आणि पाकिटातले परवाने घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसांनी मास्तरांची सकाळ भरून गेली. ही माणसं समोरच्या स्कूलमध्ये जात नसत. पडद्यावरची माणसं उडवून त्यांची भीती उलट वाढायची.

रविवारी मेव्हण्याला बहिणीचा फोन गेला. "दादा, ती खुर्ची आहे ना तुझ्याकडे, तुझ्या भाऊजींची? ती घेऊन ये. म्हणजे खुर्ची नको. नुसती उशी."

मेव्हणा उशी घेऊन आला तर बहीण गाडीत चालकाच्या जागी बसलेली. तिची उंची बेताची, समोर नुसतं स्टिअरिंगच दिसत होतं. तिने मखमली उशी खाली घेतली, त्यावर ऐसपैस बसली, आता रस्ता दिसला. मास्तर शेजारी येऊन बसले. मेव्हणा, कुणी न बोलावताच, मागे बसला. तिने स्टिअरिंग गच्च धरलं, आणि तीसुद्धा सगळ्यांसारखी खाली पायांकडे बघायला लागली.

मास्तर आरसा पुसत बसले. आयुष्यभर बोललेलं वाक्य काही निघेना.

"बोला की," ती खालीच बघत म्हणाली. "अख्ख्या गावाला म्हणता. मी किती वर्षं खिडकीतून ऐकतेय."

"चुकलंच माझं," मास्तर म्हणाले. मग त्यांनी आवाज साफ केला. "तू पुढे बघ. खालचं मी बघतो."

तिने पुढे बघितलं. गाडी एकदा गचकली, दोनदा गचकली आणि निघाली, पुढे. अख्खी गल्ली संपेपर्यंत मास्तरांच्या पायाने एकदाही ब्रेक दाबला नाही, असं मास्तर अजून शपथेवर सांगतात. मेव्हण्याने मात्र मागे बसून दोन्ही पायांनी दाबला, सबंध गल्लीभर, आणि मागच्या सीटला ब्रेक नसतो हे त्याला घरी परत आल्यावर बहिणीने सांगितलं.